चिठ्ठीवरची दोन अक्षरे

व्यापाऱ्याच्या वहीत नुसते ‘ह.’ दिसले तरी मुनीम ते ‘हस्ते’ असे वाचतो. लिहिणारा व वाचणारा एकाच पेढीवरचे असतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीचे तसे नाही. ती लिहिली जाते दवाखान्यात, वाचली जाते औषधाच्या दुकानात आणि अमलात येते घरी, जिथे जेवणाचे घड्याळच निराळे असते.

चिठ्ठीवरील बहुतेक संक्षेप लॅटिन भाषेतील आहेत. ‘बी.डी.’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘क्यू.आय.डी.’ म्हणजे चारदा. ‘टी.डी.एस.’ म्हणताच व्यापारी मनाला आयकर आठवतो. येथे त्याचा अर्थ तीनदा. ‘एस.ओ.एस.’ म्हणजे गरज भासली तरच. ‘ओ.डी.’ आपल्याकडे दिवसातून एकदा, पण नेत्रतज्ज्ञाच्या कागदावर तीच अक्षरे उजव्या डोळ्यासाठी असतात. इन्सुलिनच्या आकड्यापुढील इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसला, तर दहाचे शंभर होतात. म्हणूनच अमेरिकेतील जॉइंट कमिशन या संस्थेने 2004 साली तो ‘यू’ वर्ज्य संक्षेपांच्या यादीत घातला. भारतातही 2016 पासून औषधांची नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्याचा नियम आहे. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. अशा चिठ्ठीवर वाराचे नाव लिहून घेणेच इष्ट.

तथापि श्रावक कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे ते ‘ए.सी.’ आणि ‘पी.सी.’ यांकडे. पहिल्याचा अर्थ जेवणापूर्वी, दुसऱ्याचा जेवणानंतर. दोन्हींत जेवण होणार हे गृहीतच धरलेले असते! ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावते. मागून अन्न आले नाही, तर रक्तातील साखर घसरते. घाम फुटतो, हात कापू लागतात, प्रसंगी शुद्ध हरपते. पर्युषणातील उपवासाच्या रात्री हे घडले, तर रुग्ण शुद्धीवर असेतो तोंडात साखर घालणे हाच पहिला उपचार. व्रत की औषध, हा प्रश्न तेव्हा घाबरलेल्या घरच्यांपुढे उभा राहतो. तो आठवडाभर आधी डॉक्टरांपुढे ठेवला असता, तर मात्रा बदलता आली असती, किंवा या वर्षी उपवास नको, असे स्पष्ट सांगता आले असते.

‘एच.एस.’ म्हणजे निजतेवेळी. ‘1-0-1’ मधला शेवटचा आकडाही रात्रीचाच. चौविहार पाळणारे वडीलधारे ती गोळी मुकाट्याने सूर्यास्तापूर्वी घेतात, किंवा मुकाट्याने सोडून देतात. दोन्ही डॉक्टरांना कळत नाही. वास्तविक प्रत्येक औषधाचा हिशेब वेगळा. कोलेस्टेरॉलवरील अॅटोर्व्हास्टॅटिन पुष्कळदा रात्री घ्यावयास सांगतात, पण ते दिवसाही चालते. झोपेची गोळी मात्र साडेपाचला घेतली, तर माणूस प्रतिक्रमणातच पेंगावयाचा, आणि उठताना तोल गेला तर वृद्धाचे हाड मोडावयाचे. तेव्हा सायंकाळचे जेवण किती वाजता, रात्री पाणी चालते की नाही आणि पुढचा उपवास कधी, या तीन गोष्टी डॉक्टरांनी लेखणी उचलण्यापूर्वीच त्यांना सांगाव्यात.