ट्रॅक्टर व ब्लोअर यांमधील जोडणी : फवारणीतील एक दुर्लक्षित दुवा

द्राक्षबागेत फवारणी एकसारखी झाली नाही, वेलीच्या वरच्या भागात फुलकिडे तसेच राहिले किंवा घडांत पिठ्या ढेकूण आढळला, की संशय प्रथम औषधावर जातो, मग नोझलवर आणि शेवटी पंपावर. ट्रॅक्टर आणि ब्लोअर यांना जोडणारी पिन, काटा व ड्रॉबार यांच्याकडे मात्र क्वचितच कोणी वाकून पाहतो. नाशिक आणि सांगली या जिल्ह्यांतील द्राक्षपट्ट्यात ट्रॅक्टरमागे ओढत नेण्याचे ब्लोअर सर्रास वापरले जातात. ट्रॅक्टर इतर कामांना लागत असल्याने ही जोडणी हंगामात अनेकदा सोडावी व पुन्हा जोडावी लागते. बिघाडाचे मूळ पुष्कळदा या जोडण्या-सोडण्यातच असते.

प्रथम उंचीचा विचार करावा. बहुतेक ठिकाणी ब्लोअर लोअर लिंकच्या दोन टोकांमध्ये बसवलेल्या छिद्रांच्या आडव्या पट्टीला जोडला जातो. ही पट्टी हायड्रॉलिकवर वरखाली होते. चालकाने नकळत तरफ हलवली, की ब्लोअरचे तोंड उचलले जाते आणि सारे यंत्र मागे कलते. टाकीचा निकास पुढील बाजूस असल्यास टाकी रिकामी होत आली असता पंप हवा ओढू लागतो व दाब कमी-जास्त होतो. पंख्याचे वर्तुळही उभे न राहता तिरके होते, त्यामुळे नोझलची दिशा बदलते. पिठ्या ढेकणाची पिल्ले खोडाच्या सालीखाली आणि घडांत दडलेली असतात. तेथे द्रावण पोहोचण्यास दिशा व दाब दोन्ही अचूक लागतात. ब्लोअर सपाट जागेवर उभा करून त्याची चौकट जमिनीला समांतर आहे का, हे बाजूने पाहावे. पट्टी डावी-उजवीकडे झुलू नये म्हणून लोअर लिंकचे ताण आवळलेले असावेत.

दुसरी बाब पिनची. २५ मिलिमीटर व्यासाची पिन झिजून २० मिलिमीटर झाली, तर छेदाचे क्षेत्रफळ ६४ टक्केच उरते. वाकण्यास विरोध करण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. ती जवळपास निम्मी होते. डोळ्यांना ५ मिलिमीटरचा फरक मामुली वाटतो, हीच अडचण आहे. शिवाय छिद्रही रुंदावलेले असल्याने प्रत्येक धक्क्याला पिन आपटते आणि झीज आणखी वाढते. पिन हरवली म्हणून बांधकामाची सळई किंवा आटे असलेला बोल्ट घालण्याची पद्धत तर सर्वत्र दिसते. आटे कापाच्या जागी आले, तर बोल्ट तेथेच तुटतो. पिन नेहमी वरून खाली घालावी आणि खालच्या छिद्रात क्लिप लावावी. बागेतील गवत व छाटलेल्या काड्या अडकून क्लिप निघून पडते, म्हणून प्रत्येक टाकी भरताना तिच्यावर एक नजर टाकावी.

पिन निसटली तर नुकसान केवळ वेळेचे नसते. पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे फिरत असतो. ब्लोअर मागे राहिला, की शाफ्टचे दोन भाग सरकून वेगळे होतात आणि ट्रॅक्टरकडील तुकडा मोकळा फिरू लागतो. जवळ उभा असलेला माणूस वाचेल, याची शाश्वती नसते. गळ्यातील टॉवेल किंवा साडीचा पदर शाफ्टच्या आवाक्यात येण्यासही एवढा वेग पुरेसा आहे. शाफ्टवरील प्लास्टिकचे आवरण त्यासाठीच असते. वाटेत येते म्हणून ते काढून टाकू नये. ड्रॉबारखालून फुलीच्या आकारात बांधलेली सुरक्षा साखळी पिन निघाली तरी ब्लोअरला धरून ठेवते. तिची किंमत फवारणीच्या खर्चापुढे नगण्य आहे.

बांधाकडील वळणावर पीटीओ बंद करावा. त्यामुळे युनिव्हर्सल जॉइंट वाचतात आणि ओळीबाहेर औषधही वाया जात नाही. दोन्ही जॉइंटमधील कोन वळणावर समान राहावेत यासाठी जोडपिन त्यांच्या साधारण मध्याखाली यावी. ती फार पुढे किंवा मागे असल्यास शाफ्ट धडधडतो.

चिखलात ट्रॅक्टर रुतल्यावर केला जाणारा एक उपाय मात्र जिवावर बेतणारा आहे : अधिक ओढ मिळेल या समजुतीने साखळी टॉप लिंकच्या जागी अडकवणे. ओढीचा बिंदू मागील आसाच्या वर गेला, की चाके पुढे जाण्याऐवजी ट्रॅक्टरचे नाकच वर उचलले जाते आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. चालकाला उडी मारण्यास वेळ मिळत नाही. गंमत अशी, की हॅरी फर्ग्युसन यांनी १९२० च्या दशकात विकसित केलेल्या तीनबिंदू जोडणीमागे नांगर अडकल्यास ट्रॅक्टर मागे उलटू नये, हाही एक हेतू होता. तीच जोडणी आज चुकीच्या वापराने उलटण्यास कारण ठरते. ओढायचे ते नेहमी खालच्या ड्रॉबारनेच.

ब्लोअर सोडताना टाकी रिकामी असावी. ६०० लिटरच्या भरलेल्या टाकीत पाण्याचेच वजन ६०० किलो असते. पिन काढताच दांडी पायावर आदळू शकते किंवा वजन मागे असल्यास हनुवटीपर्यंत उसळू शकते. आधी दांडीखाली टेकू लावावा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा द्यावा, ट्रॅक्टर बंद करून किल्ली काढावी आणि मगच पिन उपसावी. जोडताना चालक ट्रॅक्टर मागे घेत असेल, तोवर मदतनिसाने मध्ये उभे न राहता बाजूने खूण करावी. छिद्रे जुळून ट्रॅक्टर थांबल्यावर पिन घालण्यास पुढे यावे.