मागणीचे आकडे आणि गोदामातला कामगार



गोदामातल्या कामगाराला आज मुकादमाच्या आधी पडद्यावरचा आकडा बोल लावतो. ‘माल ५४०वर अडला’ असे कोणी म्हटले की दोष कोणाचा हे ठरलेच, असे धरून चालतात. हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते पाहू.

उदाहरणादाखल आम्ही जे. डी. एडवर्ड्‌स ही प्रणाली घेतो. या नावाची कंपनी १९७७ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे निघाली. २००३ मध्ये ती पीपलसॉफ्टने व २००५ मध्ये पीपलसॉफ्टसकट ओरॅकलने घेतली. या प्रणालीत गिऱ्हाइकाच्या मागणीतील प्रत्येक ओळीला तीन अंकी दोन आकडे असतात. शेवटचे कोणते काम पुरे झाले, ते पहिला सांगतो. पुढे कोणते व्हायचे आहे, ते दुसरा. पुष्कळ ठिकाणच्या मांडणीत ५२० म्हणजे मागणी नोंदणे, ५४० म्हणजे माल काढण्याची चिठ्ठी छापणे, ५६० म्हणजे माल रवाना झाल्याची नोंद, ५८० म्हणजे बिल छापणे, ६२० म्हणजे विक्री हिशेबात चढवणे. ९९९ हा शेवट.

आता ओळीवर ५२०–५४० दिसले, तर चिठ्ठी अजून छापलेलीच नाही. जी चिठ्ठी हाती आली नाही, तिचा जाब कामगाराने का द्यावा? गिऱ्हाइकाची उधारी फार झाली म्हणून कचेरीने मागणी रोखून धरली, तरी हा आकडा हलत नाही. रोखल्याची खूण निराळी असते, ती मुद्दाम पाहावी लागते.

खरी अडचण ५४०–५६० येथे आहे. शोधणे, मोजणे, बांधणे आणि ट्रकची वाट पाहणे, एवढी सारी कामे या एका जोडीत दडतात. माल दहा वाजता बांधून झाला आणि ट्रक चारला आला, तरी सहा तासांचा उशीर कामगाराच्या नावावर दिसतो. शंभर नग मागितले व साठच सापडले, तर साठांची ओळ पुढे जाते. उरलेले चाळीस मांडणीप्रमाणे वेगळ्या ओळीत मागे राहतात किंवा रद्द होतात. रद्द ओळीवर बहुधा ९८०–९९९ येते. नुसते ९९९ पाहणारा तिला पार पडलेली समजेल. म्हणून दोन्ही आकडे जोडीनेच वाचावेत.

हे आकडे कोणी देवाने दिलेले नाहीत. कोणत्या आकड्यानंतर कोणता यावा, याचा तक्ता त्या त्या कंपनीतच भरतात. एकीचे ५४० ते दुसरीचे असेलच असे नाही. मधे नवा टप्पा घालता येतो. प्रत्येक बदलाची नोंद इतिहासात ठेवावी की नाही, याचीही सोय त्याच तक्त्यात आहे.

तेव्हा आमच्या मते संघटनेने तीन गोष्टी मागाव्यात. तक्ता मराठीत गोदामाच्या भिंतीवर लागावा. ‘माल बांधून तयार’ हा टप्पा ५४० व ५६० यांच्यामध्ये घालावा. आणि बदलांची नोंद चालू ठेवून, उशिराबद्दल पगार कापण्यापूर्वी ती कामगाराला दाखवावी. वहीत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येते, त्याच्या पगाराला हात लावताना मालक दहादा विचार करतो.