बोलींच्या अभ्यासासाठी डोंगरी गावाची निवड

एखाद्या बोलीच्या अभ्यासासाठी डोंगराळ प्रदेशात वर्षभर मुक्काम करावयाचा तर गाव कोणते निवडावे, हा प्रश्न सामान्यतः सोयीचा समजला जातो. वस्तुतः तो संशोधनपद्धतीचा प्रश्न होय. कारण अभ्यासक ज्यांच्यात राहतो, त्यांचीच भाषा त्याच्या टिपणवहीत उतरते.

मुक्काम दीर्घ का असावा, हे प्रथम पाहावयास हवे. सह्याद्रीतील भातशेतीची परिभाषा एका ऋतूत हाती लागत नाही. राब भाजण्याचे शब्द उन्हाळ्यात, लावणीचे पावसात आणि मळणीचे पीक कापल्यावर कानी पडतात. प्रश्न विचारून मिळविलेला शब्द व कामाच्या ओघात उच्चारलेला शब्द यांत पुष्कळदा अंतर असते. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणासाठी एकाच बोधकथेची भाषांतरे सरकारी यंत्रणेमार्फत गोळा करण्यात आली. तुलनेच्या दृष्टीने ती आजही उपयुक्त आहेत; परंतु नित्याच्या संभाषणाचे स्वरूप त्यांतून पुरतेपणी कळत नाही.

निवडीची पहिली कसोटी पावसाची व उताराची. महाबळेश्वर आणि पाचगणी ही गावे जवळजवळ सारख्याच उंचीवर, परस्परांपासून सुमारे २० किलोमीटरांवर आहेत. तथापि पश्चिमेकडून चढणारे ढग कड्यावरच रिते होत असल्याने महाबळेश्वरास पाचगणीच्या दुपटीहून कितीतरी अधिक पाऊस पडतो. अशा पावसात वाट बंद होणे ही केवळ गैरसोय नव्हे. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इरशाळवाडी (२०२३) येथे जुलै महिन्यातच दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. म्हणून वस्तीच्या माथ्यावरील उतार कसा आहे, हे गावकऱ्यांकडून आधी समजून घ्यावे.

दुसरी कसोटी बाजारपेठेची. थंड हवेच्या प्रसिद्ध ठिकाणी राहण्याची सोय होते, परंतु तेथील व्यवहाराची भाषा मिश्र असते. निलगिरीत तोडा, कोता व बडगा या भाषा थोड्या अंतरावर नांदतात. उटकमंडच्या बाजारात मात्र तमिळच अधिक ऐकू येते. एमेनो यांनी १९३५ नंतरच्या काळात या प्रदेशात तोडा व कोता भाषांचा अभ्यास केला. त्यांचे 'कोता टेक्स्ट्स' (१९४४-४६) सुल्ली या कोता निवेदकाच्या कथनावर आधारलेले आहेत. जाणता व चिकाटीचा निवेदक लाभणे किती मोलाचे असते, हे यावरून ध्यानी येईल. असा स्नेह चार दिवसांच्या भेटीत जुळत नाही.

तिसरी कसोटी बहुधा दुर्लक्षिली जाते. ती म्हणजे गावात नेमके कोणाच्या घरी उतरावे. सह्याद्रीतील गाव पुष्कळदा गावठाण, निरनिराळ्या वाड्या, धनगरवाडा, कातकरी वस्ती असे विखुरलेले असते. गावातील वजनदार कुटुंबाकडे उतरल्यास आतिथ्य उत्तम होते. मात्र इतर वस्त्यांतील माणसे तेथे मोकळेपणाने बोलतीलच असे नाही. मग एका घराची भाषा गावाची बोली म्हणून नोंदली जाते, आणि पुढील अभ्यासकही तीच चूक प्रमाण मानून चालतात.

यास्तव मुक्काम ठरविण्यापूर्वी एकदा वैशाखात व एकदा आषाढात गावी जाऊन यावे, सर्व वस्त्यांत फिरावे आणि आपल्या कामाचा हेतू लोकांना स्पष्ट सांगावा. त्यांची संमती मिळाल्यावरच बिऱ्हाड मांडावे.