बॅन्शी नेमकी किती पळते?

यामाहाने १९८७ साली अमेरिकेच्या बाजारात वायएफझेड ३५० बॅन्शी उतरवली, तेव्हा तिच्यावर स्पीडोमीटर नव्हता. उजव्या अंगठ्याखाली थ्रॉटल, डाव्या हाताला क्लच, पायाशी सहा गिअर आणि समोर मोकळं हँडल. वाळूच्या टेकड्या चढणाऱ्या माणसाला काट्याकडे बघायला सवड कुठली! पण काटाच नसल्यामुळे या स्पोर्ट क्वाडच्या टॉप स्पीडबद्दल वाटेल ते आकडे छातीठोकपणे सांगितले जाऊ लागले. कंपनीतून आली तशी, नीट जुळवलेली बॅन्शी सपाट आणि टणक जमिनीवर ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या आसपास जाते. कुणी याहून फार मोठा आकडा सांगितला तर आधी विचारावं, मोजला कशाने?

नागाव-अलिबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या क्वाड बाईक पाहून बॅन्शीचा अंदाज येणार नाही. मात्र तिच्या इंजिनाचं घराणं महाराष्ट्रातल्या जुन्या बाईकवेड्यांच्या चांगल्या ओळखीचं आहे. १९८०च्या दशकात एस्कॉर्ट्सने भारतात बनवलेली राजदूत ३५० म्हणजे यामाहाची आरडी ३५०. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ६४ मिलिमीटर बोअर, ५४ मिलिमीटर स्ट्रोक, ३४७ सीसी. याच मापांवर यामाहाने पुढे पाण्याने थंड होणारी इंजिनं घडवली, त्यांतलं आरझेड ३५० मोटरसायकलचं इंजिन बॅन्शीत आलं. आरझेडमध्ये एक्झॉस्टची पॉवर व्हॉल्व्ह होती, ती बॅन्शीत गाळली. त्यामुळे खालच्या आरपीएमला इंजिन सुस्त राहतं आणि एका टप्प्यानंतर एकदम उसळतं. आरडीवर बसलेल्याला ही उसळी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता मोजणीकडे. सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा मार्ग म्हणजे कागदावरचं गणित. इंजिनाचे आरपीएम घ्यायचे, त्यांना गिअर आणि स्प्रॉकेटच्या प्रमाणाने भागायचं आणि टायरच्या परिघाने गुणायचं. बॅन्शीचा मागचा टायर २० इंची, म्हणजे कागदावर परीघ जवळजवळ १६० सेंटिमीटर. प्रत्यक्षात या टायरमध्ये हवा जेमतेम चार-पाच पीएसआय असते. माणूस बसला की टायर दबतो आणि एका फेरीत कापलं जाणारं अंतर कमी होतं. उलट, वेगात फिरताना तोच मऊ टायर बाहेरच्या बाजूला फुगतो. शिवाय मातीत चाक घसरतं. म्हणून टायरवर खडूची खूण करावी, गाडीवर बसून तिला चाकाच्या पाच फेऱ्या पुढे ढकलवून घ्यावं, जमिनीवरचं अंतर टेपने मोजावं आणि पाचाने भागावं. निदान गणिताचा पाया तरी खरा होतो.

खरा वेग सांगायला जीपीएस हवं. उपग्रहाच्या सिग्नलच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून ते वेग काढतं, त्यामुळे टायर दबला, फुगला की घसरला, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मात्र सेकंदाला एकदाच नोंद करणारं साधं यंत्र असेल, तर ताशी ११० किलोमीटरला दोन नोंदींच्या मध्ये गाडी ३० मीटर पुढे गेलेली असते. म्हणून पडद्यावर क्षणभर चमकलेला सर्वांत मोठा आकडा धरू नये. काही सेकंद टिकून राहिलेला वेगच खरा. रडार गनची तऱ्हा निराळी. ती गाडीच्या रेषेत उभं राहून धरली नाही, तर वेग कमी दाखवते. कोन २० अंशांचा झाला की १२०चे ११३ होतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दोन्ही दिशांनी पळवणं. समजा, जाताना ११८ आणि येताना १०६ आले, तर गाडीचा वेग ११२. बाकीची करामत वाऱ्याची किंवा उताराची. विक्रमांच्या नोंदी अशा सरासरीवरच होतात. हा नियम घरगुती चाचणीलाही तितक्याच काटेकोरपणे लावायला हवा, नाहीतर नवा सायलेन्सर बसवल्यावर वाढलेल्या वेगाचं श्रेय पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याला जायच्या ऐवजी सायलेन्सरला जातं.

वेग वाढवायचा म्हटलं की पहिला हात जातो पुढच्या स्प्रॉकेटकडे. बॅन्शीला पुढे १४ आणि मागे ४१ दाते असतात. पुढे १५ बसवले की त्याच आरपीएमला वेग सात टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ११०चे ११८. खर्च थोडा, काम तासाभराचं. तरीही कितीतरी जणांची गाडी या बदलानंतर हळू झालेली असते, आणि त्याचं कारण अगदी सरळ आहे. सहाव्या गिअरमध्ये इंजिन कमाल ताकदीचे आरपीएम ओलांडून नुसतं किंचाळत असेल, तर लांब गिअरिंगचा फायदा होतो. पण इंजिन त्या आरपीएमपर्यंत पोचतच नसेल, तर ते हवेशी झुंजून आधीच थकलेलं आहे. त्याला आणखी जड गिअरिंग दिलं की ते ताकदीच्या टप्प्याखाली घसरतं. मग सहाव्यापेक्षा पाचव्यात गाडी जास्त पळते. अशा वेळी पुढचं स्प्रॉकेट लहानच बरं. टॅकोमीटर आणि जीपीएस एकत्र वाचल्याशिवाय यातलं कोणतं दुखणं आपल्या गाडीला आहे हे कळत नाही, आणि ते कळण्याआधी पैसे खर्च करू नयेत.

हवेचा हिशेब फार कठोर असतो. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा, तर ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. क्वाडवर तर चार उघडी चाकं, रुंद मडगार्ड आणि ताठ बसलेला माणूस, सगळेच वाऱ्याला छाती देऊन उभे. म्हणून छाती टाकीला टेकवून आणि कोपरं आत ओढून बसणं ही सर्वांत स्वस्त सुधारणा, आणि तिच्यामुळे पडणारा फरक जीपीएसवर लगेच दिसतो.

इंजिनाची ताकद वाढवण्याचे रस्ते बॅन्शीवाल्यांना पाठ आहेत. एक्सपान्शन चेंबरचे नवे पाइप, रीड व्हॉल्व्ह, पोर्टचं घासकाम, मोठे कार्बोरेटर. त्याहून पुढे जाणारे ६८ मिलिमीटरचे सिलिंडर आणि ५८ मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँक बसवून ३४७ सीसीचे ४२१ करतात. पण यातली प्रत्येक गोष्ट इंजिनात जाणारी हवा वाढवते किंवा बदलते, आणि तिच्या जोडीला कार्बोरेटरमधला मेन जेट बदलला नाही तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. बॅन्शीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे पिस्टनला ऑइलही कमी, आणि उष्णता मात्र जास्त. लांब पल्ल्यावर पूर्ण थ्रॉटलने धावताना इंजिन सीझ होतं ते बहुधा यामुळे. थंडीच्या सकाळी हवा दाट असते. गाडी छान पळते, आणि नेमका तेव्हाच धोका वाढलेला असतो.

मिश्रण बरोबर आहे का हे बघायला जुने जाणकार स्पार्क प्लग वाचतात. नवा प्लग लावून पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवायची, वेगातच क्लच दाबून इंजिन बंद करायचं, प्लग काढायचा आणि चिनी मातीच्या मुळाशी उमटलेल्या कड्याचा रंग बघायचा. पांढरा फटक दिसला तर मोठा जेट. त्या एका कड्यात जी माहिती असते, ती कोणत्याही जाहिरातीत मिळणार नाही.

कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल सँड ड्यून्सवर, ज्याला सगळे ग्लॅमिस म्हणतात, टॉप स्पीडचा प्रश्नच बदलतो. वाळूवरच्या ड्रॅग शर्यतीचं अंतर बहुतेकदा ३०० फूट, म्हणजे ९१ मीटर. तिथे मागच्या टायरला वल्ह्यांसारखे उभे पट्टे असतात. पट्टे फार झाले की इंजिन दबतं, कमी पडले की चाक जागीच वाळू उडवतं. एका गाडीचं सेटिंग दुसरीला जसंच्या तसं चालत नाही.

दुसऱ्या टोकाला टेरी विल्मेथ आहे. १५ जून २००८ रोजी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, मद्रास नावाच्या गावाच्या विमानतळावर त्याने क्वाडवर ताशी ३१५.७४ किलोमीटरचा विक्रम केला, तोही दोन्ही दिशांच्या सरासरीचा. गाडी मूळची यामाहाचीच, रॅप्टर ७००, पण तिला हायब्रिड रॉकेट जोडलेलं होतं. १२० वरून ३१५ वर जायला घनाच्या हिशेबाने ताकद अठरापट लागते. चेन, स्प्रॉकेट आणि फुग्यासारखे टायर यांच्यातून एवढी ताकद जमिनीवर उतरवणं कठीण. रॉकेटला चाकांच्या पकडीची गरज नसते, ते थेट गाडीला ढकलतं.

वेग वाढला की क्वाडचा मूळ स्वभावही आडवा येतो. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अॅक्सलवर, डिफरन्शियल नाही. त्यामुळे वळताना ती गाडीला पुढे सरळच रेटतात. म्हणून वेगाच्या चाचणीआधी पुढच्या चाकांचा टो तपासतात, स्टिअरिंग डॅम्पर बसवतात, सस्पेन्शन खाली घेतात आणि मनगटाला किल-स्विचची दोरी बांधतात. मागच्या दोन्ही टायरचा परीघ टेपने मोजून जुळवणं तर कुणीही टाळू नये. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन टायरमध्ये फरक निघाला तर तो हवेचा दाब अर्धा-एक पीएसआय इकडेतिकडे करून मिटवतात. नाहीतर सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला ओढत राहते, आणि शंभराच्या पुढे ती ओढ दोन्ही हातांना जाणवते.