फुकट वाटलेल्या फोटोंची कमाई

‘रोज अर्धा तास चाला,’ असे आम्ही डॉक्टर सांगतो, रुग्ण मान डोलावतात आणि आठवड्याभरात विसरतात. नुसते चालणे कंटाळवाणे वाटते, हे खरेच आहे. पण हातात कॅमेरा किंवा साधा मोबाईल असला, की हाच माणूस अजिंक्यताऱ्यावर किंवा मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर रानफुले, पाखरे टिपत तासभर सहज फिरतो. रक्तदाब व मधुमेह असणाऱ्यांना याहून स्वस्त औषध नाही.

मग या फोटोंचे करायचे काय? माझे सांगणे असे, की ते वाटून टाका. २००४ साली सुरू झालेल्या ‘विकिमीडिया कॉमन्स’वर हौशी माणसालाही स्वतः काढलेले फोटो सर्वांना वापरण्यासाठी खुले करता येतात. ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर फोटो टाकला, की त्या फुलाचे किंवा प्राण्याचे नाव जाणकार सुचवतात. यातून पैसे मिळत नाहीत, पण ओळख वाढते, डोके तल्लख राहते आणि निवृत्तीनंतरचे रिकामपण सरते.

शिवाय असा फोटो कुठे उपयोगी पडेल, हे आधी सांगता येत नाही. सर्पदंशाचेच पाहा. एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. मण्यारीसारखा दिसणारा कवड्या मात्र बिनविषारी असतो. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक असतात, तर कवड्याचे डोक्याकडे. हा फरक शब्दांत लक्षात राहत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की शाळकरी मुलालाही कळतो. कुणीतरी फुकट दिलेले असे फोटो गावोगावच्या शाळांत भिंतीवर लावता येतात.

मात्र काही पथ्ये पाळा :

१. फोटोसाठी सापाच्या जवळ जाऊ नका. दंश झाल्यावर साप शोधत बसू नका. रुग्णाला धीर द्या, दंशाचा भाग हलू देऊ नका आणि तडक रुग्णालय गाठा. उपचार लक्षणे पाहूनही करता येतात.

२. फोटोवरून स्वतःच ‘बिनविषारी’ असा निकाल देऊ नका. मण्यारीच्या दंशाला बहुधा सूज किंवा वेदना नसतात. पहाटे पोट दुखणे, पापण्या जड होणे ही लक्षणे दिसली, तर क्षणभरही थांबू नका.

३. कास पठारावर फुले तुडवत फोटो काढू नका. दुर्मीळ वनस्पतीचे नेमके ठिकाण जाहीर करू नका.

४. रुग्णाचा फोटो परवानगीशिवाय कुणालाही पाठवू नका.

एवढे सांभाळून उद्या सकाळी बाहेर पडा. चालण्याचा लाभ तुम्हाला त्याच दिवशी मिळेल. फोटोचा लाभ कुणाला होईल, ते कदाचित तुम्हाला कधी कळणारही नाही. तरीही तो देऊन टाका.