भिंत चालली, गाडी चालेना!

आमच्या आळंदीला भिंत चालली, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चांगदेव वाघावर बसून भेटीला येत आहेत असे कळताच माउलींनी आपण बसलेल्या भिंतीलाच चालावयास सांगितले आणि ती निमूटपणे चालू लागली, अशी कथा आहे. त्या भिंतीला पेट्रोल लागले नाही. सातशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्याच आळंदीतून निघालेली आमच्या भाच्याची गाडी मात्र, टाकी भरलेली असूनही, दिघीच्या अलीकडे रात्री अकरा वाजता उभी राहिली, ती काही केल्या हलेना.

एरवी ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट. परंतु त्या रात्री मागच्या आसनावर आमची अक्का होती. पालखी पंढरीच्या वाटेला लागून आठवडा झाला होता, पावसाने सतत झोड लावली होती आणि अक्काचा जुना दमा उसळला होता. तिला पुण्याच्या रुग्णालयात न्यावयाचे म्हणून निघालो, तो गाडीने आधी दोन-चार गचके दिले, मग उचकी लागावी तशी थरथरली आणि गप्प झाली. शेवटी मंडईकडे निघालेल्या भाजीच्या टेम्पोवाल्याने अक्काला आपल्या शेजारी बसवून घेतले. मी मागे मेथीच्या जुड्यांत. अक्का वेळेवर पोचली आणि दोन दिवसांत घरी आली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला राहावयाचा नाही. माझा मात्र पुष्कळ दिवस राहिला. कारण ते पेट्रोल ज्या पंपावर भरले, तो पंप मीच सुचवला होता.

गर्दी नको म्हणून

भाचा चाकणला नोकरीस आहे. २००९ साली तिथे फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ यांचे कारखाने सुरू झाले आणि आमच्या खेड तालुक्यातल्या पोरांच्या बोलण्यात ‘टॉर्क’, ‘टर्बो’ असे शब्द आले. त्यानेही कर्ज काढून एक टर्बोची गाडी घेतली. घेतली ती दुसऱ्या हातची; पण पायाखालचे पेडल जरा दाबले की पाठ आसनाला चिकटावी, अशी. “मामा, हिला चांगलं पेट्रोल लागतं. कुठे भरू?” असे त्याने विचारले, तेव्हा मी गावापासून जरा आडबाजूचा, ओढ्याकाठचा एक पंप दाखवला. तिथे कधी रांग नसे. भाव तर सगळीकडे जवळजवळ सारखाच. मग ताटकळत कशाला उभे राहावयाचे?

कार्तिकीला आळंदीत येणारा वारकरीसुद्धा माझ्याहून शहाणा. तो भजी खातो ती गर्दी असलेल्या गाड्यावर. जिथे गिऱ्हाईक आहे, तिथला घाणा ताजा असतो, हे त्याला सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने टाकी उपसली आणि तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत धरले. क्षणभराने बाटलीत दोन थर दिसू लागले. वर पेट्रोल आणि खाली गढूळ काहीतरी. “सर,” तो म्हणाला, “हे पेट्रोल नव्हे, तीर्थ आहे.” टाकी धुणे, पंप, इंजेक्टर मिळून २२,००० रुपयांचा प्रसाद मिळाला.

तडक पंप गाठला. मालकाने शांतपणे एकच प्रश्न विचारला, “पावती?” ती आम्ही घेतलीच नव्हती. संदर्भ दिल्याशिवाय विधान करू नका, असे वर्गात वीस वर्षे सांगत आलेला मी, खाली मान घालून परत आलो. त्यानंतर मात्र भाच्याला बरोबर घेऊन चार रविवार या विद्येचा अभ्यास केला. त्याचे सार आपल्यापुढे ठेवतो. ज्यांच्याकडे साधी गाडी आहे त्यांच्याही ते उपयोगी पडेल.

माळ आणि ऑक्टेन

पहिला शब्द ‘ऑक्टेन’. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा फटाक्यांची माळ डोळ्यांपुढे आणा. टोकाला उदबत्ती लावली की एकामागून एक फटाका ओळीने उडावा, ही चांगली माळ. पण आच लागून मधलेच चार फटाके आपापले उडाले तर? इंजिनात तसेच होते. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, मग ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने पसरत जाते. पेट्रोल कच्चे असले, तर ज्योत पोचण्याआधीच दाबाने आणि उष्णतेने उरलेले मिश्रण आपोआप भडकते. बोनेटखाली डब्यात खडे वाजवल्यासारखा आवाज येतो, तो हा. इंग्रजीत त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. टर्बो जादा हवा कोंबतो, म्हणून दाब वाढतो आणि हा धोकाही वाढतो.

आपोआप न भडकण्याचा पेट्रोलचा हा जो संयम, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० गुण आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य, अशी ही परीक्षापद्धती आहे. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे पहिल्याचे ९१ भाग आणि दुसऱ्याचे ९ भाग यांच्या मिश्रणाइतके संयमी. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ज्या इंजिनाला ९१ पुरते, त्याला १०० पाजल्याने ते काही पहिलवान होत नाही. उलट ज्याला ९५ हवे त्याला कमी दिले, तर आजकालच्या गाड्यांतले यंत्र ती खडखड ओळखते आणि ठिणगी उशिरा पाडते. इंजिन वाचते, पण जोर जातो. ज्या जोरासाठी कर्ज काढले, तोच!

मग आकडा कोठे पाहावयाचा? पेट्रोल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, आणि गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत. भाच्याने ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढली नव्हती.

शिसे गेले, ऊस आला

ही खडखड थांबवण्यासाठी १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळून पाहिले. खडखड थांबली, पण ते विष धुराबरोबर जगभरच्या मुलाबाळांच्या रक्तात गेले. आपल्याकडे २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये ते बंद केले, तेव्हा कोठे मोटारींच्या पेट्रोलातून शिसे जगातून गेले.

आता ते काम पुष्कळसे इथेनॉल करते आणि आपल्या महाराष्ट्रात इथेनॉल म्हणजे ऊस. जून २०२२ मध्ये देशात १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०० च्या वर असल्यामुळे २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल ९५ ऑक्टेनचे होते, असे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. मग तक्रार कसली? तक्रारी दोन. लिटरला लिटर तोलले तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. त्यामुळे मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बेतलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला आहे. दुसरे म्हणजे, इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी ते पोटात घालते. पण जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला बसतात. आमच्या बाटलीतले ‘तीर्थ’ ते हेच! ओढ्याकाठचा पंप, पावसाची झोड आणि गिऱ्हाईक तुरळक. पाणी जमिनीखालच्या टाकीत कोठून शिरले ते मी पाहिले नाही, पण आमच्या टाकीत ते कोठून आले ते कळले.

तेव्हा जुन्या गाडीवाल्यांनी ऑक्टेनइतकेच दुसऱ्या आकड्याकडेही पाहावे. आपल्या गाडीला किती टक्के इथेनॉल चालते? तेही पुस्तिकेतच असते.

महाग म्हणजे चांगले?

इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे ‘एक्सपी १००’ आणले, तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे होते. हिंदुस्थान पेट्रोलियमचे ‘पॉवर’, भारत पेट्रोलियमचे ‘स्पीड’ आणि शेलचे ‘व्ही-पॉवर’ हेही उंची माल म्हणून विकले जातात. यांत ऑक्टेनखेरीज इंजिनातली काजळी धुणारी द्रव्ये घातलेली असतात. पुस्तिका मागत असेल तर हे पेट्रोल जरूर घ्यावे. मात्र ज्या पंपावर त्याची टाकी दहा दिवसांत हलत नाही, तिथे घेऊ नये. शिळे पक्वान्न खाण्यापेक्षा ताजी भाकरी बरी.

गिऱ्हाइकाचे हक्क

आता मुख्य मुद्दा. पंप कसा पारखावा? पंपावर आपल्याला काही गोष्टी मागण्याचा हक्क आहे आणि आपण त्या भिडेखातर मागत नाही.

माप कमी वाटले तर पाच लिटरचे शिक्का मारलेले माप मागावे. पाच लिटरमागे २५ मिलिलीटरपर्यंतचा फरक चालतो, अधिक नाही. २०१७ साली उत्तर प्रदेशात आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रांत बसवलेल्या लबाड चिपा सापडल्या होत्या. तेव्हा नुसत्या शून्याकडे पाहून भागत नाही.

भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागावा. नळीच्या तोंडाचा एक थेंब त्यावर टाकला की चांगले पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते. काळपट डाग मागे राहिला तर पाल चुकचुकली म्हणून समजावे. त्याहून पक्की परीक्षा घनतेची. पंपवाल्याने रोज ती मोजून वहीत लिहावयाची असते. काचेच्या उंच भांड्यात हायड्रोमीटर आणि तापमापक सोडून, आलेला आकडा १५ अंशांवर आणतात. तो नोंदीपेक्षा घनमीटरला ३ किलोहून अधिक हलला, तर कारण विचारावे. पाण्यासाठी मात्र वेगळा उपाय आहे. दांडीला एक लेप लावून ती टाकीच्या तळापर्यंत सोडतात. पाणी असले की लेपाचा रंग बदलतो. पावसाळ्यात “आज पाणी तपासलंत का?” एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. सांगणारा सरळ वही पुढे करतो. दुसरा आभाळाकडे पाहतो.

जाता जाता एक समजूत मोडतो. पहाटेच्या गारव्यात पेट्रोल घट्ट असते म्हणून जास्त मिळते, असे आमच्या शिक्षकदालनातही मानतात. टाक्या जमिनीखाली असतात. तिथे पहाट आणि दुपार यांत फारसा फरक पडत नाही. उगाच झोपमोड करू नये.

आम्ही शेवटी मोशीच्या बाजूला, पुणे-नाशिक रस्त्यावरचा एक पंप निवडला. पाच-सात किलोमीटर जादा पडतात, रांगही असते. पण पहिल्याच दिवशी भाच्याने घनतेची वही मागितली, तेव्हा तिथल्या पोराने कपाळाला आठी न घालता ती दिली आणि हायड्रोमीटर कसा वाचावयाचा तेही दाखवले. आमचा निर्णय तिथेच झाला.

परवा अक्काला तपासणीसाठी पुण्याला न्यावयाचे होते. गाडीत बसताना ती जरा थबकली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आता ही टेम्पोच बोलवा म्हणते की काय! पण तिने पदर सावरला, दार लावून घेतले आणि पुढे वाकून भाच्याला विचारले,

“काय रे, पावती घेतलीस का?”