नदीला विचारून गळ टाकावा

सुरतेच्या पूर्वेला, तापी खोऱ्यातून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चलथाण नावाचे गाव आहे. साखर कारखान्यामुळे ते ओळखले जाते. हंगामात धुळे-नंदुरबारकडील ऊसतोडणी कामगार त्या पट्ट्यात उतरतात. म्हणून गुजराती मुलखातही तेथे मराठी आणि अहिराणी सहज कानी पडते. माझा भाचा नोकरीनिमित्त तेथेच राहतो. त्याने मला कळविले, “मामा, नाताळच्या सुट्टीत तुम्ही या. मी फ्लाय-फिशिंगची काठी घेतली आहे. आपण दोघेच तापीवर जाऊ. गळ कोणता आणू तेवढे सांगा.” मी उलट कळविले, “गळाचे मागाहून पाहू. नदीची चौकशी केलीस का, ते आधी सांग.”

मासेमारीचा हा प्रकार आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून प्रथम त्याविषयी दोन शब्द. नेहमीच्या गळाला आपण गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतो आणि शिशाच्या वजनाने तो दूर फेकतो. येथे गळावर दोरा व पिसे गुंडाळून माशी, किडा किंवा लहान मासळी यांचा आभास निर्माण करतात. अशी बनावट माशी वजनाने नगण्य असते. ती फेकली जात नाही. दोरीच जाड व वजनदार असते आणि काठीच्या झोक्याने ती दोरी माशीला घेऊन जाते. नऊ फुटांची काठी आणि सहा-सात क्रमांकाची दोरी नवशिक्याला पुरे. माशी तर घरीही बांधता येते. कोंबड्याच्या मानेची पिसे आणि शिवणाचा दोरा एवढ्यावर सुरुवात होते.

परंतु हे सारे साहित्य उत्तम असूनही नदी चुकीची निवडली, तर श्रम वाया जातात. चलथाणकराला मिंढोळा नदी जवळची. पण सचिनच्या औद्योगिक वसाहतीजवळचा तिचा टप्पा प्रदूषित म्हणून गणला गेला आहे. तेथील मासा ताटात घेणे शहाणपणाचे नव्हे. कडोदऱ्याहून महामार्गाने उत्तरेला गेल्यास कामरेजजवळ तापी भेटते. तेथे पात्र रुंद व पाणी संथ आहे. बनावट माशीला मात्र खेळते पाणी हवे. खडकाआडचा भोवरा, उथळ धावेनंतरचा डोह हवा. ते शोधायचे तर बारडोलीमार्गे मांडवीकडे, वरच्या अंगाला जावे लागते.

आणि येथेच बेताचा खरा प्रश्न उभा राहतो. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावणारी, भुसावळवरून आणि प्रकाशावरून वाहत येणारी तापी सातशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे. पण आपण जेथे उभे राहणार तेथे तिचे पाणी केवळ पावसाच्या हाती नाही. काकरापारचा बंधारा १९५४ साली झाला, त्याच्या वर उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले. काकरापारच्या कालव्यांवर दक्षिण गुजरातची ऊसशेती उभी आहे, उकाईच्या पाण्यावर वीज निर्माण होते. म्हणजे आकाश निरभ्र असतानाही पाणी सोडले जाऊ शकते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहर कसे बुडाले, हे तेथील माणसे विसरलेली नाहीत.

हे मी पुस्तकावरून सांगत नाही. अठरा वर्षांपूर्वी याच भाच्याला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, घेऊन मी एका नदीवर बंधाऱ्याखालच्या खडकावर बसलो होतो. गळाकडे माझे लक्ष एवढे लागले होते की, पाण्याचा रंग गढूळ झाला, काडीकचरा वाहू लागला, हे मला दिसूनही कळले नाही. मागे वळून पाहतो तो, आम्ही जेथून कोरड्या पायांनी आलो होतो तेथे गुडघ्याच्या वर पाणी! मुलाला खांद्यावर घेऊन मी कसाबसा काठावर आलो. दोष कोणाचाही नव्हता; मी कोणाला विचारलेच नव्हते. बहिणीला ही हकीकत सांगायला मला पुढे दोन वर्षे लागली.

म्हणून भाच्याला मी जो बेत लिहून पाठविला, तोच आपल्याला सांगतो. आदल्या दिवशी पाटबंधारे खात्याकडे पाणी सोडण्याची चौकशी करावी. तो टप्पा कोणाच्या ठेक्यात आहे काय, परवानगी लागते काय, हे मत्स्यखात्याकडे विचारावे. मग काठावरच्या कोळ्याला किंवा शेतकऱ्याला भेटावे. डोह कोठे आणि निसरडे कोठे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? बंधाऱ्याच्या लगत उतरू नये. मधल्या खडकावर जाण्यापूर्वी परतीची वाट ठरवावी, आणि पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवावी. तिच्यावर पाणी बोटभर चढले की, मासा लागलेला असला तरी निघावे. एकट्याने जाऊ नये आणि परतण्याची वेळ घरी सांगून जावी.

काळ म्हणाल तर पावसाळा वर्ज्य. त्या दिवसांत पाणी गढूळ असते आणि आपल्या नद्यांतील पुष्कळ मासे अंडी घालतात. पाणी निवळल्यावर, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, सकाळ-संध्याकाळची वेळ उत्तम. पृष्ठभागावर चकाकणाऱ्या लहान चंदेरी मासळीवर हात बसवावा. मरळ किंवा महाशीर हे पुढचे धडे.

महाशीरविषयी मात्र एक विनंती. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतील महाशीरचे शास्त्रीय वर्णन केले. आज त्या पात्रात तो शोधू जाल तर काय हाती लागेल, हे पुणेकरांना सांगायला नको. महाडजवळ वाळण कोंडीत महाशीर गावकऱ्यांच्या श्रद्धेने राखले गेले; लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने त्यांची पैदास हाती घेतली. आपणही एवढे करू शकतो: गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, ओल्या हातांनी मासा सोडवावा आणि तो स्वतःहून पोहू लागेपर्यंत तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला करून धरून ठेवावा.

गालिलीच्या समुद्रावरचे कोळीही रात्रभर खपून रिकाम्या जाळ्याने परतले होते. तेव्हा आमची टोपली रिकामी राहिली तर मला त्याचे वाईट वाटणार नाही. भाच्याचे उत्तर परवा आले. लिहितो, “मामा, चौकशी केली. काठ्या तीन आणल्या आहेत. दोन माशांसाठी, एक पाण्याच्या कडेला रोवायला.” मी नाताळात चलथाणला जाणार आहे.